कोंबडीघरांत कान देणारीं यंत्रें व कोंकणचा पाऊस

कोंबडी बोलते, ही गोष्ट आपल्या घरांतील वडीलधाऱ्या बायकांना कोणा शास्त्रज्ञानें येऊन सांगावी लागली नाहीं. अंगणांत चरणाऱ्या कळपांतील कोंबडा वर घार दिसतांच एक लांब व बारीक सूर काढतो आणि सारा कळप आडोशाला दबून बसतो. तोच कोंबडा कुंपणाशीं मुंगूस किंवा मांजर दिसलें कीं तुटक तुटक, न थांबणारा कलकलाट करतो. पहिला आवाज ऐकून घरची आजी आकाशाकडे पाहते, दुसरा ऐकून काठी शोधते. इ. स. १९९३ मध्यें इव्हान्स, मार्लर आदि संशोधकांनीं हेच दोन आवाज ध्वनिमुद्रित करून, शत्रु कोठेंही दिसत नसतांना, कोंबड्यांना ऐकविले. पहिल्या आवाजास कोंबड्या आडोशाकडे धांवल्या, आणि दुसऱ्यास माना ताठ करून सभोंवार पाहूं लागल्या. आजीच्या ज्ञानावर शास्त्राचा शिक्का बसला, इतकेंच.

परंतु आजीच्या कळपांत दहा-पंधरा पक्षी होते. आज ज्यास आपण कुक्कुटपालनाचा धंदा म्हणतों, त्यांत एकाच छपराखालीं पांच-दहा हजार मांसल जातीचीं पिल्लें एका दिवशीं येतात व सुमारें सहा आठवड्यांत दोन किलोंच्या आसपास वजनाचीं होऊन गाडींत चढतात. इतक्या पक्ष्यांत एकाचें दुःख निराळें ऐकूं येत नाहीं. ऐकूं येतो तो एक अखंड गलका. त्या गलक्याचा अर्थ लावणें पुष्कळ मालकांनीं सोडून दिलें आहे, आणि मेलेल्या पक्ष्यांची सकाळची मोजदाद हेंच कोंबडीघराच्या प्रकृतीचें एकमेव वर्तमान होऊन बसलें आहे. हें वर्तमान खरें असतें, पण फार उशिरां येतें. त्यापूर्वीं जिवंत पक्षी जें सांगत असतात तें ऐकण्यासाठीं परदेशांत गेल्या पंधरा-वीस वर्षांत यंत्रें सिद्ध होत आलीं आहेत. तीं काय करतात, आणि आपल्या कोंकणपट्टींत तीं कितपत उपयोगीं पडतील, याचा विचार येथें करावयाचा आहे.

विचार अधांतरीं राहूं नये म्हणून एक गांव डोळ्यांपुढें ठेवूं. पनवेलच्या दक्षिणेस मुंबई-गोवा महामार्गावरील शिरढोण हें गांव आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचें जन्मस्थान म्हणून सर्वांस ठाऊक आहे. १८४५ सालीं त्यांचा तेथें जन्म झाला. शेतकऱ्याच्या दृष्टीनें मात्र या टापूचीं लक्षणें निराळीं आहेत. भाताची जमीन, जून ते सप्टेंबर कोसळणारा पाऊस, ज्याची रायगड जिल्ह्याची सरासरी तीन हजार मिलिमीटरांच्या आसपास आहे, जवळच कर्नाळ्याचें जंगल व तेथील पक्षी-अभयारण्य, आणि महामार्गावरून रात्रंदिवस जाणारीं अवजड वाहनें. मुंबई व नवी मुंबई यांची बाजारपेठ हाताशीं असल्यामुळें पनवेल, पेण, खालापूर, कर्जत या बाजूस भातशेतीच्या जोडीला कोंबडीघरें उभीं राहिलीं. हीं घरें बहुधा बाजूंनीं उघडीं, जाळी लावलेलीं, वर पत्रा आणि खालीं भाताच्या तुसाची गादी अशा बांधणीचीं असतात. ही बांधणी वाचकांनीं लक्षांत ठेवावी, कारण पुढील विवेचनाचा मोठा भाग तिच्यावर अवलंबून आहे.

पक्ष्याचा आवाज येतो कोठून, हें प्रथम पाहूं. मनुष्याचा आवाज श्वासनलिकेच्या वरच्या टोकाशीं उत्पन्न होतो. पक्ष्याचा आवाज तिच्या तळाशीं, जेथें तिचे दोन फांटे फुटून फुप्फुसांकडे जातात तेथें, उत्पन्न होतो आणि सबंध नलिका ओलांडून बाहेर पडतो. या नलिकेंत चिकटा सांचला, तिच्या अस्तरास सूज आली, कीं प्रत्येक श्वासाबरोबर ओली घरघर ऐकूं येऊं लागते. राणीखेत म्हणजे आपली मानमोडी, श्वासनलिकेचा सांसर्गिक दाह, मायकोप्लाझ्मा जंतूंची जुनाट सर्दी, या सर्वांत शिंक, खोकला व घरघर हीं लक्षणें लवकर प्रगट होतात. त्यांत अमोनियाची भर पडते. ओल्या तुसांतून निघणारा हा वायु, श्वासनलिकेंतील धूळ बाहेर लोटणारे सूक्ष्म केस निकामी करतो आणि रोगजंतूंस दार मोकळें होतें. युरोपीय संघाच्या २००७ च्या आदेशानें, दाटीनें पक्षी ठेवणाऱ्यांस, पक्ष्यांच्या डोक्याच्या उंचीवर हवेच्या दहा लाख भागांत अमोनियाचे २० भागांहून अधिक असूं नयेत, असें बंधन घातलेलें आहे. आपलें नाक येथें भरंवशाचें नाहीं. रोज आंत वावरणाऱ्या गड्यास त्या वासाची संवय जडते. बाहेरून आलेल्या पाहुण्याचे डोळे चुरचुरतात तेव्हां घरच्या माणसास गोष्ट कळते.

यंत्राकडे वळण्यापूर्वीं बिनपैशाचें एक साधन सांगितलें पाहिजे. आम्हांला तें यंत्राइतकेंच मोलाचें वाटतें. तें म्हणजे रात्रींचें श्रवण. दिवे मालवून अर्धा तास झाला, पक्षी बसले, खाण्याची व पंखांची खळबळ थांबली, कीं मालकानें बॅटरी न पेटवितां आंत जावें, एका जागीं उभें राहावें, आणि दहा मिनिटें कांहींएक करूं नये. मोबाइल खिशांतच राहूं द्यावा. मग दुसऱ्या व तिसऱ्या ठिकाणीं तसेंच करावें. निरोगी कळपाची रात्र मऊ, खालच्या सुरांतील कुजबुजीची असते. तिच्यांत तुटक शिंक किंवा हुक्क्यांतील पाण्यासारखी गुडगुड ऐकूं आली, तर ती कोणत्या कोपऱ्यांतून आली व दहा मिनिटांत किती वेळां आली हें वहींत लिहावें. एका रात्रींच्या तीन शिंकांस फारसा अर्थ नाहीं. काल तीन, आज नऊ, उद्यां पंचवीस, यास अर्थ आहे. आणि तो कळला म्हणजे पशुवैद्यास दुसऱ्या दिवशीं सकाळींच बोलवावें, दुपारपर्यंत थांबूं नये.

यांत एक खबरदारी आहे. राणीखेतीची जिवंत लस डोळ्यांत थेंब घालून अथवा पाण्यांतून दिल्यावर कांहीं दिवस कळपांत सौम्य शिंका येणें स्वाभाविक आहे. ती लसीची प्रतिक्रिया असते, रोग नव्हे. आठवडा उलटूनही शिंका वाढतच राहिल्या तर गोष्ट निराळी. ज्याच्या वहींत लस टोचल्याचा किंवा पाजल्याचा दिवस लिहिलेला नाहीं, त्यास हा भेद करतां येणार नाहीं व तो औषधांवर पैसा घालवून बसेल. यंत्रासही कोणी हा दिवस सांगितला नाहीं तर तें याच ठिकाणीं फसेल.

पिल्लांच्या पहिल्या आठवड्याचें ऐकणें वेगळें. या वयांत पिल्लांस स्वतःची उष्णता राखतां येत नाहीं. त्यांच्या पाठीच्या उंचीवर ३२ ते ३४ अंश सेंटिग्रेड ऊब लागते. थंडी लागलेलीं पिल्लें दिव्याखालीं गर्दी करून तारस्वरांत एकसारखीं ओरडतात. उष्णता अधिक झाली तर तीं दिव्यापासून दूर सरकतात, चोंची उघड्या टाकून धापा देतात, आणि गप्प होतात. नवशिका मनुष्य या गप्पपणास समाधान समजतो व निश्चिंत मनानें झोंपावयास जातो. सुखी पिल्लें सर्व जागेंत सारखीं पसरलेलीं असून अधूनमधून, हलक्या सुरांत बोलत असतात.

असें ऐकण्यास जन्मभराचा अनुभव लागतो, असें मात्र कोणीं समजूं नये. २०२४ सालीं ऑस्ट्रेलियांतील क्वीन्सलंड विद्यापीठाच्या संशोधकांनीं १९४ माणसांस कोंबड्यांचे मुद्रित आवाज ऐकवून, ही कोंबडी कांहीं चांगलें मिळण्याच्या आशेनें बोलत आहे कीं निराशेनें, असें विचारलें. शेंकडा ६९ जणांनीं बरोबर उत्तर दिलें, आणि कोंबड्या पाळण्याचा अनुभव असणें वा नसणें यानें त्यांत फरक पडला नाहीं. कान सर्वांस आहेत. उणीव आहे ती रात्रीं तेथें जाऊन उभें राहण्याची.

आणि येथेंच यंत्राचें खरें स्थान आहे. रोज पहाटेपर्यंत जागा राहील असा गडी कोणास मिळत नाहीं. यंत्र जागें राहतें. त्याची रचना गूढ नाहीं. पक्ष्यांच्या वर ध्वनिग्राहक म्हणजे मायक्रोफोन टांगलेला असतो. तो आवाजाचें विजेच्या लाटांत रूपांतर करतो, आणि संगणक त्या लाटांचे क्षणाक्षणाचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यांत कोणत्या उंचीचा सूर किती जोरकस आहे हें मोजतो. पुढें मार्ग दोन. एक, त्या मोजमापांतून एखादी ठराविक राशि काढून ती रोज तपासावयाची. दुसरा, ही शिंक, ही घरघर, हा पंखा, अशीं माणसानें नांवें दिलेलीं हजारों उदाहरणें संगणकास ऐकवून त्यास भेद करावयास शिकवावयाचें. २०२२ सालीं हाँगकाँगच्या सिटी विद्यापीठांतील संशोधकांनीं दुसऱ्या मार्गानें कोंबड्यांची आर्त हांक वेगळी काढून दाखविली.

पहिल्या मार्गाचें उदाहरण आम्हांस अधिक बोधप्रद वाटतें. ज्या शहराच्या नांवानें इंग्रज लोक मानमोडीस ओळखतात, त्या न्यूकॅसल येथील विद्यापीठांतील व अन्य ठिकाणच्या संशोधकांनीं २०२० सालीं तें प्रसिद्ध केलें. धंद्याच्या बारा कळपांत, प्रत्येकीं सुमारें पंचवीस-सव्वीस हजार पक्षी, त्यांनीं पहिल्या चार दिवसांचा आवाज टिपला व एकच गोष्ट मोजली : आवाजाची शक्ति अनेक सुरांत विखुरलेली आहे, कीं थोड्याच सुरांत एकवटलेली आहे? आठवडी बाजाराची गजबज आठवावी. तींत सर्व सूर मिसळलेले असतात. त्याच बाजारांत एखाद्यानें शिट्टी फुंकली तर आवाज एका सुराभोंवतीं एकवटतो. पिल्लाची आर्त हांक ही अशी शिट्टी आहे. जितकीं पिल्लें अधिक ओरडतात तितका कोंबडीघराचा आवाज थोड्या सुरांत गोळा होतो. पंख्यांची व यंत्रसामग्रीची खालच्या सुरांतील घुरघुर आधीं गाळून टाकावी लागते, तेवढें केलें कीं हें माप माणसानें कानांनीं मोजलेल्या हांकांशीं चांगलें जुळतें, असें त्यांस आढळलें. महत्त्वाचें पुढेंच आहे. ज्या कळपांत पहिल्या चार दिवसांत हांका अधिक, त्या कळपांत वजनाची वाढ कमी व मर अधिक. आणि हा संबंध दुसऱ्या दिवसापुरता नसून कळप विक्रीस येण्याच्या सुमारापर्यंत टिकलेला दिसला. पिल्लांचे पहिले चार दिवस दुःखाचे गेले तर मालकास त्याची भरपाई शेवटच्या तराजूपर्यंत द्यावी लागते, हें यापूर्वीं अनुभवी लोक म्हणत होते. आतां तें मोजून दाखवितां आलें.

इतर प्रयोगांचा उल्लेख थोडक्यांत करतों. अमेरिकेंतील जॉर्जिया राज्यांत आजारी पक्ष्यांची घरघर संगणकानें ओळखण्याचे यत्न झाले. बेल्जममधील लूव्हेन येथें २०१४ सालीं खाद्याच्या भांड्यावर चोंच मारल्याचे आवाज मोजून पक्ष्यानें किती खाल्लें हें काढलें. शेंकडा ९३ टोंचण्या यंत्रानें बरोबर ओळखल्या, परंतु तें प्रयोगशाळेंत, मोजक्या पक्ष्यांवर. मिलान येथील संशोधकांनीं २०१५ सालीं असें दाखविलें कीं पक्षी जसा वाढतो तसा त्याचा सूर खालीं उतरतो, आणि सुरावरून वजनाचा अंदाज करतां येतो. हा शोध मनोरंजक आहे, पण ज्याच्याजवळ तराजू आहे त्यानें त्यासाठीं पैसे मोजण्याची घाई करूं नये.

आतां शिरढोणकडे परत येऊं. वरील प्रयोगांपैकीं बहुतेक एकतर प्रयोगशाळेंत, नाहींतर थंड देशांतील बंदिस्त कोंबडीघरांत झाले. तेथें भिंती पक्क्या, पंखे एका चालीनें फिरणारे, बाहेरचा आवाज आंत यावयास वाट थोडी. आपल्या उघड्या घरांत जुलै महिन्याची रात्र कशी असते? पत्र्यावर पाऊस कोसळत असतो. पावसाचा हा आवाज पंख्यासारखा केवळ खालच्या सुरांत नसतो. तो खालपासून वरपर्यंत सर्व सुरांत पसरलेला असतो, ज्या सुरांत पिल्लें ओरडतात त्यांतही. तेव्हां गाळणी लावून तो काढतां येत नाहीं. त्याहून वाईट असें कीं, विखुरलेला आवाज म्हणजे सुखी कळप, हें ज्या यंत्राचें गणित आहे, त्या यंत्रास पावसाची सर ही समाधानाची खूण वाटेल. म्हणजे ज्या रात्रीं झडीनें तूस भिजलें, ऊब उतरली, आणि पिल्लें गारठून ओरडत आहेत, नेमक्या त्याच रात्रीं यंत्र सांगेल कीं सर्व ठीक आहे. कोंकणांतील शेतकऱ्यास पावसाळ्याच्या रात्रींच अशा राखणदाराची गरज अधिक. तेव्हांच हा राखणदार बहिरा होईल.

पाऊस उघडला म्हणजे उलटा प्रकार. भाद्रपदांत शेतांच्या बांधांवरून रातकिडे एकसुरी किरकिर धरतात. हा सूर उंच व एकवटलेला असतो, तेव्हां यंत्र विनाकारण आरोळी ठोकण्याचा संभव आहे. महामार्गावरील इंजिनांची घरघर खालच्या सुरांतील म्हणून गाळतां येईल, परंतु मालमोटारींचे कर्कश भोंगे गाळतां येणें कठीण. आतां ८ ऑक्टोबर २०२५ रोजीं पनवेल तालुक्यांत नवी मुंबईच्या विमानतळाचें उद्घाटन झालें आहे, तेव्हां या यादींत विमानेंही धरावीं. दोन-तीनदां खोटी आरोळी ऐकली कीं मालक यंत्राची घंटा बंद करून झोंपतो, आणि मग यंत्र असून नसल्यासारखेंच.

यावरून यंत्र टाकाऊ ठरत नाहीं. उदाहरणांवरून शिकणारें यंत्र पावसाखालचा आवाजही ओळखावयास कदाचित् शिकेल. परंतु त्यास पत्र्यावरच्या पावसाचीं, बेडकांचीं, रातकिड्यांचीं, आणि त्यांच्या खालीं दबलेल्या आपल्या पिल्लांच्या हांकेचीं उदाहरणें कोणीतरी पुरविलीं पाहिजेत. कर्नाळ्याच्या दाट झाडींत न दिसणारा पक्षी नुसत्या शिळेवरून ओळखणारे लोक आहेत. त्यांचा कान त्याच जंगलांत तयार झालेला असतो. म्हणून विक्रेता दारीं आला तर त्यास पहिला प्रश्न हाच विचारावा कीं, तुमचें यंत्र कोणत्या देशांत, कोणत्या बांधणीच्या घरांत, कोणत्या ऋतूंत शिकलें आहे? पत्र्यावर पाऊस वाजत असतांना तें चालवून दाखवितां काय? उत्तर गुळमुळीत आलें तर तोच पैसा छपराची वळचण दोन हात पुढें नेणें, पाण्याचीं गळकीं भांडीं बदलणें व नवें कोरडें तूस घेणें यांत घालावा. पक्ष्यांस त्यानें आज आराम मिळेल.

यंत्राकडून कोणत्या अपेक्षा करूं नयेत, हेंही सांगितलें पाहिजे. फेब्रुवारी २००६ मध्यें नंदुरबार जिल्ह्यांतील नवापूर येथें भारतांतील पहिला बर्ड फ्लू आढळला. जानेवारी २०२१ मध्यें परभणी जिल्ह्यांतील मुरुंबा येथें, आणि जानेवारी २०२५ मध्यें शिरढोणपासून फार दूर नसलेल्या उरण तालुक्यांतील चिरनेर येथें तो आला. हा रोग कळपांत शिरला कीं मरण इतकें झपाट्यानें येतें कीं आवाजांतील फरक शोधीत बसण्यास अवकाश नसतो. एकाएकीं मर वाढली कीं पशुसंवर्धन खात्यास तत्काळ कळविणें व पक्षी, खाद्य, माणसें यांची ये-जा थांबविणें, हाच मार्ग. प्राण्यांतील सांसर्गिक रोगांसंबंधीं २००९ च्या कायद्यानें कळविणें हें मालकाचें कर्तव्यही आहे.

दुसरी गोष्ट मालकीची. आपल्याकडील पुष्कळ कोंबडीघरें कराराच्या पद्धतीनें चालतात. पिल्लें, खाद्य व औषधें कंपनीचीं. जागा, वीज व राबणारे हात शेतकऱ्याचे. आणि मोबदला वजनावर. अशा घरांत कंपनीनें आपल्या खर्चानें ध्वनिग्राहक टांगण्याची तयारी दाखविली तर शेतकऱ्यास तें फुकटचें वाटेल. परंतु त्यानें करार वाचावा. आवाजाची नोंद कोणाकडे जाणार, ती शेतकऱ्यास पाहावयास मिळणार कीं नाहीं, आणि वजन कमी भरलें त्या वेळीं तीच नोंद त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून पुढें येणार काय? पिल्लें गाडींतून उतरलीं तेव्हांच आर्त हांका देत होतीं, हा पुरावा शेतकऱ्याच्याही उपयोगाचा आहे. तो दोन्ही पक्षांच्या हातीं असला तरच न्याय होईल. शिवाय गड्याचें कुटुंब कित्येक वेळां कोंबडीघरास लागूनच राहतें. त्यांचें घरगुती बोलणें यंत्रांत सांपडूं नये, याची सोय आधीं मागून घ्यावी.

आमची सूचना अशी आहे. एकेकट्यानें यंत्र विकत घेण्यापूर्वीं शेतकऱ्यांच्या संघानें निरनिराळ्या बांधणीचीं चार-पांच कोंबडीघरें निवडावीं व उन्हाळा, पावसाळा, हिंवाळा असा एकेक कळप तेथील आवाज टिपावा. यास जुना मोबाइलही प्रारंभीं पुरतो. तो धुळीपासून जपण्यासाठीं पातळ मलमलीच्या पिशवींत घालावा, पक्ष्यांच्या वर पुरुषभर उंचीवर, पंख्यापासून व पाण्याच्या नळापासून दूर टांगावा, आणि ठरलेल्या तीन वेळीं दहा दहा मिनिटें आवाज टिपावा. त्याच वेळचें तपमान, पाऊस होता कीं नव्हता, पाणी किती प्यालें गेलें, किती पक्षी मेले, लस केव्हां दिली, हें कागदावर लिहावें. याविना नुसत्या आवाजास किंमत नाहीं. अशा वह्या व आवाज घेऊन संघाच्या प्रतिनिधींनीं १८८६ पासून चालत आलेल्या मुंबईच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाकडे, किंवा आरे येथील केंद्रीय कुक्कुट विकास संस्थेकडे जावें, आणि जाणत्या पशुवैद्याकडून त्या आवाजांस नांवें देऊन घ्यावीं. पहिली नोंद मृग लागण्यापूर्वीं, कोरड्या रात्रीं घ्यावी. म्हणजे पुढें त्याच पत्र्यावर पाऊस वाजूं लागल्यावर, खालीं पक्ष्यांचा आवाज किती उरला आहे हें ताडून पाहतां येईल.